बारा उपाशी गोगलगायी

भाऊराव पाईकरावांच्या समोर उपाशी राहणं महाकठीण. आमच्या अंधेरीच्या कॉलेजात हे अनेकांनी करून पाहिलं, आणि अनेकांचं वजन वाढलं.

कुणाची संकष्टी, कुणाचा गुरुवार, कुणाचा डॉक्टरांनी रक्ततपासणीसाठी सांगितलेला उपास, हे सगळं भाऊरावांना पाठ. स्वतः बौद्ध. यातला एकही उपास त्यांच्या घरचा नाही. पण चतुर्थीला अकराच्या ठोक्याला ते साबुदाण्याची खिचडी घेऊन ऑफिसात हजर.

"भाऊराव, आज मी निर्जळी करतोय," असं हेडक्लार्क एकदा म्हणाले.

"मग घ्या की साहेब. खिचडीत पाणी कुठंय? कोरडीच केलीय."

एकदा परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोराला प्राचार्यांकडे नेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. चार मिनिटांचा रस्ता. त्यांना चाळीस मिनिटं लागली, कारण वाटेत कँटीन आहे. "पोरगं थरथरत होतं सर. रिकाम्या पोटी काहीबाही बोललं असतं," असं त्यांचं म्हणणं. पोरानं प्राचार्यांसमोर सगळं खरं सांगितलं आणि शेवटी ढेकर दिला.

भाऊराव प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहेत. मी अर्थशास्त्र शिकवतो. माझी खोली त्याच मजल्यावर, पण चहा प्राणिशास्त्राचा चांगला, त्यामुळे माझं बूड तिकडेच असतं. गेली वीस वर्षं मी फॉर्मलीनच्या वासात चहा पितो आहे. आता साध्या हवेतला चहा मला फिका लागतो.

त्यांचे वडील हिंगोलीकडून आले आणि वाकोल्यात राहून बांधकामांवर राबले. भाऊराव एकोणिसाव्या वर्षी आमच्या कॉलेजात हमाल म्हणून लागले. बाकं उचलायची, पाणी भरायचं. तेव्हा प्रयोगशाळेत गुणाजी नावाचे मालवणी गृहस्थ होते. एक दिवस त्यांनी या पोराच्या हातात बारीक ब्रश दिला आणि म्हणाले, "ह्यां धर. आणि श्वास घेव नको. फीत तुटतली." भाऊरावांनी श्वास धरला, फीत तुटली नाही, आणि त्यांचं आयुष्य ठरून गेलं.

ही फीत म्हणजे मेणाची. प्राण्याच्या शरीरातला वाटाण्याएवढा तुकडा आधी पिवळ्याजर्द औषधात मुरवायचा, मग त्यातलं पाणी काढून तो वितळलेल्या मेणात घालायचा. मेण गार झालं की त्याची वडी होते. ती मायक्रोटोम नावाच्या यंत्रात बसवायची आणि चाक फिरवायचं. वडी पात्यावरून खाली-वर होते आणि समोरून कापांची सलग फीत बाहेर येते, शेवया पाडल्यासारखी. एकेक काप पाच मायक्रॉनचा. म्हणजे एका मिलिमीटरचे दोनशे काप. "एवढा बारीक कांदा कापला ना सर," असं भाऊराव म्हणतात, "तर एका कांद्यात अंधेरी पूर्व आणि पश्चिम, दोन्हीकडचे पोहे होतील." त्यांच्या डोक्यात मापंसुद्धा अशी ताटावरच येतात.

हे काप काचेवर चिकटवायला अंड्याचा पांढरा भाग लागतो. कुठल्याही शहाण्या प्रयोगशाळेत उरलेला पिवळा बलक टाकून देतात. भाऊराव अंडी आपल्या पैशांनी, आपल्या घरच्या भांड्यात, प्रयोगशाळेबाहेरच्या पॅसेजमध्ये फोडतात. पांढरं आत जातं, पिवळं कँटीनच्या तव्यावर. ज्या दिवशी विभागात नव्या स्लाइडी होतात त्या दिवशी स्टाफरूममध्ये भुर्जी असते. विज्ञानाची प्रगती मी बरीच वर्षं भुर्जीवरून मोजतो.

तर अशा माणसाच्या विभागात गार्गी आली. मुलुंडची, चष्म्याच्या आतून सतत काळजी करणारी मुलगी. तिला गोगलगायींच्या लाळग्रंथींवर पीएचडी करायची होती. मला हसू आलं. भाऊरावांना आलं नाही. त्यांनी मला ओढत सूक्ष्मदर्शकाशी नेलं.

"बघा तर खरं. ही गोगलगायीच्या तोंडातली लाळ जिथं तयार होते ती जागा. अन्नाच्या पिशवीवर दोन पांढरट फडकी पसरलेली असतात, फाटक्या मलमलीसारखी. तिथून दोन नळ्या निघतात त्या थेट तोंडात. आता ते फडकं कापलं की आत असं दिसतं."

मी डोळा लावला. गुलाबी रंगात द्राक्षांचे घोस लटकल्यासारखे पेशींचे पुंजके होते, आणि प्रत्येक पेशीत जांभळा ठिपका. पुंजक्यांच्या मधून बारीक नळ्या गेलेल्या, आतून केसाळ अस्तर लावलेल्या.

"सगळ्या पेशी एकसारख्या नाहीत," भाऊराव कानाशी कुजबुजले. "काही चिकट लाळ करतात, त्या दुसऱ्या रंगात टाकल्या की शालूसारख्या राणी कलर होतात. काहींत रव्यासारखे दाणे. काहींत मोठाले फुगे. प्रत्येकीचं खातं वेगळं."

"आणि इतकं करून खाते काय? पालापाचोळा."

"पालापाचोळा गिळायलाच लाळ लागते हो सर. पुरणपोळी तशीही उतरते."

गार्गीचा प्रश्न सोपा होता. गोगलगाय उपाशी राहिली की लाळ वापरली जात नाही, त्या पेशी भरत जातात, ठासून भरतात. जेवली की सगळं ओतून टाकतात आणि काचेवर रिकाम्या जाळीसारख्या दिसतात. हा फरक नक्की कुठल्या पेशींत, किती, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी बारा गोगलगायी पोटभर जेवलेल्या आणि बारा गोगलगायी दहा दिवस उपाशी, अशा दोन पेट्या हव्या होत्या.

गोगलगायींना तोटा नव्हता. गार्गीच्या मुलुंडच्या सोसायटीत पावसाळ्यात त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी भिंती चढून दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचतात. सेक्रेटरींनी आनंदानं बादलीभर दिल्या आणि 'परत आणणार नाही' असं तिच्याकडून लिहून घेतलं.

अडचण आली ती गणपतीची. कॉलेजला आठवडाभर सुट्टी, इमारतीत कीटकनाशकाची फवारणी, आणि दहा दिवसांतले नेमके शेवटचे सात दिवस सुट्टीत पडत होते. पण आमच्या प्राणिशास्त्र विभागात यावर जुना तोडगा आहे. गणपतीत सगळ्या प्राध्यापकांच्या घरी पाहुण्यांची गर्दी, म्हणून विभागातले सगळे जिवंत प्राणी भाऊरावांच्या घरी जातात, कारण त्यांच्याकडे गणपती नसतो. बेडकांची पिल्लं, झुरळं, गप्पी मासे, एकदा तर एक अशक्त कासव. आमचे देव आमच्याकडे येतात त्याच दिवशी आमचे जीवजंतू दहिसरला त्यांच्याकडे जातात, आणि यात काही विशेष आहे असं आजवर कुणाला वाटलेलं नाही.

विभागप्रमुख डॉ. इरावती सबनीस. त्या गार्गीच्या मार्गदर्शकही. बाईंचा आवाज हळू आणि शिस्त कडक. त्यांनी भाऊरावांना दोन पेट्या दिल्या. 'भरपेट' अशी चिठ्ठी लावलेली एक. दुसऱ्या पेटीवर गार्गीनं लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'उपाशी. काहीही देऊ नये. फक्त पाणी शिंपडावे.' 'काहीही' या शब्दाखाली तीन रेघा होत्या. मुलगी भाऊरावांना ओळखून होती.

"भाऊकाका, नक्की ना?"

"अगं, तू काळजी करू नको पोरी. पेट्या मी काय आजच सांभाळतोय का?"

आमचा गणपती दीड दिवसाचा. शुक्रवारी मी मोदकांचा डबा घेऊन दहिसरला भाऊरावांकडे गेलो. चौदाव्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर. मीरावहिनी तिथं पाळणाघर चालवतात. एरवी त्या घरात नऊ पोरं असतात आणि भाऊराव संध्याकाळी परतले की नवांच्या नऊ तोंडांत काही ना काही कोंबत असतात. त्या दिवशी पोरं आपापल्या घरी गणपतीला. घर सुनं, आणि भाऊरावांच्या चेहऱ्यावर दुकान बंद असल्यासारखा भाव.

"या सर. आज खायला कुणीच नाही बघा," ते म्हणाले आणि माझ्या पुढ्यात तीन बशा आल्या.

मीरावहिनी कोपऱ्यातल्या पेट्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कुणी नाही कसं? चोवीस जण आहेत. सकाळपासून त्यांच्याशीच बोलणं चाललंय."

"बोललो कुठं? विचारलं फक्त."

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"कसं काय वाटतंय म्हणून."

थोड्या वेळानं भाऊराव आत गेले. सुरीचा आवाज आला. ते काकडीच्या चकत्या घेऊन बाहेर आले, भरपेटवाल्यांना त्यांचा वाटा दिला, आणि मग उरलेल्या चकत्या हातात घेऊन दुसऱ्या पेटीसमोर मांडी घालून बसले. लाल अक्षरांसमोर.

"अहो भाऊराव! त्यांना उपाशी ठेवायचंय ना?"

"हो. ठेवलं की तीन दिवस. कॉलेजात."

"मग?"

"कॉलेजात ते नमुने असतात सर. इथं ते घरी आलेत." मग जरा ओशाळून म्हणाले, "शेजारच्या पेटीत काकडी, आणि ह्यांनी बघत बसायचं? शिंगं बाहेर काढून बघतात हो. ह्यांचे डोळे शिंगांच्या टोकाला असतात, माहितीय ना तुम्हाला?"

"पण गार्गीचं संशोधन..."

"एवढ्याशा चकतीनं काय होतंय! दहा दिवसांच्या हिशेबात एक काकडी कुठं दिसणारेय? जरा झाकण धरा."

मी झाकण धरलं. यापुढच्या सगळ्या प्रकरणात माझा सहभाग एवढाच, पण तो होता. बारा गोगलगायी सावकाश, एखाद्या लग्नात मानपान असलेली मंडळी जेवायला उठावी तशा निघाल्या आणि काकडीवर येऊन बसल्या. भाऊरावांनी पंखा बंद केला. "ऐका आता," म्हणाले. पेटीतून अगदी बारीक खरखर ऐकू येत होती. गोगलगायीच्या जिभेवर हजारो दात असतात, कानशीसारखे. त्या कानशी काकडीवर चालल्या होत्या. भाऊरावांच्या चेहऱ्यावर आता दुकान उघडलं होतं.

मी मोठ्या अपेक्षेनं विचारलं, "भाऊराव, तुम्ही लहानपणी हिंगोलीत दुष्काळ पाहिलात ना? म्हणूनच का तुम्हाला कुणी उपाशी बघवत नाही?"

"दुष्काळ होता, पण सरकारकडून सुकडी मिळायची की. गोड असायची. मी दोनदा रांगेत उभा राहायचो," भाऊराव म्हणाले. "त्याचं काही नाही सर. खाताना कुणाचं तोंड बघायला मला बरं वाटतं, एवढंच." माझ्या हातातला एक चांगला हृदयस्पर्शी प्रसंग असा गेला.

सुट्टी संपली. बुधवारी भाऊराव दोन्ही पेट्या घेऊन बसनं अंधेरीला आले. उपाशी पेटी अशी लख्ख धुतलेली की आत एक लेंडीसुद्धा नव्हती. गार्गीला त्यांचं कौतुक वाटलं. त्याच दुपारी कामाला सुरुवात झाली. ग्रंथी काढल्या, पिवळ्या औषधात पडल्या, पुढच्या आठवड्यात मेणात गेल्या. मग भाऊरावांनी फीत पाडली. भुर्जी झाली. रंग चढले.

आणि गार्गीनं पहिली उपाशी स्लाइड पाहिली. पेशी रिकाम्या. जाळीच जाळी. दुसरी स्लाइड, रिकामी. बाराच्या बारा तशाच. भरपेट आणि उपाशी शेजारी ठेवल्या तर बहिणी शोभाव्यात.

तिनं औषध जुनं असेल म्हणून नवं मागवलं. रंग पुन्हा चढवला. तिसऱ्यांदा चढवला. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली का म्हणून सगळ्या पेट्या, बाटल्या, वड्या तपासल्या. एकदा इरावतीबाई तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "गार्गी, जादा रंग काढायला तुझी घाई होते. हात बसवायला हवा." पोरीचा चेहरा उतरला.

भाऊराव यातलं काहीच बोलत नव्हते. ते खाऊ घालत होते. सोमवारी गार्गीच्या टेबलावर शेंगदाण्याचे लाडू. मंगळवारी गाजरहलवा. बुधवारी मीरावहिनींच्या हातचे मांडे, जे मला वीस वर्षांत दोनदा मिळाले आहेत. भाऊरावांचं मन किती खातंय, हे तिच्या टेबलावरच्या डब्यांच्या उंचीवरून कळत होतं. गार्गी बिचारी एकेक घास मोडायची आणि म्हणायची, "भाऊकाका, तुम्ही किती चांगले आहात." हे ऐकलं की ते लगबगीनं बेसिनपाशी जाऊन धुतलेल्या काचा पुन्हा धुवायचे.

शुक्रवारी दुपारी गार्गी ॲप्रनची घडी घेऊन आली.

"काका, हा तुमच्या कपाटात ठेवा. सोमवारी कमिटीसमोर माझं सादरीकरण आहे ना, तिथंच सांगून टाकणारेय. मी सोडतेय."

"काय सोडतेयस?"

"पीएचडी. काय दाखवू त्यांना? तीन वर्षं झाली. दहा दिवस उपाशी ठेवलेल्या गोगलगायी माझ्या स्लाइडवर पंगतीतून उठून आल्यासारख्या दिसतात. माझा हातच वाईट आहे, यार. हे काम सगळ्यांना नाही जमत. तुम्हाला कसं जमतं?"

ॲप्रन टेबलावर ठेवून ती लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेली.

दीड वाजला. भाऊरावांचा डबा त्यांच्यासमोर होता, झाकण लावलेला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी चहाचा कप खाली ठेवला.

"भाऊराव, जेवत नाही?"

"नको वाटतंय सर."

हे शब्द त्यांच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

"सांगून टाका ना," मी म्हणालो.

"काय सांगू? गुणाजींनी हातात ब्रश दिला त्याला चाळीस वर्षं झाली. माझ्या हातून एक नमुना वाया गेला नाही. मॅडम बाहेरच्या पाहुण्यांना सांगतात, ही पाईकरावांची स्लाइड आहे, डोळे मिटून विश्वास ठेवा. आता त्यांना काय सांगू? की नमुना मीच घालवला? कशानं, तर काकडीनं?"

"मग नका सांगू. गार्गी दुसरा विषय घेईल."

हे मी मुद्दाम म्हटलं की भित्रेपणानं, मला अजून ठरवता आलेलं नाही. भाऊरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग ॲप्रनकडे. मग उठले, उपाशी गोगलगायीची एक स्लाइड बोटांच्या चिमटीत धरली आणि इरावतीबाईंच्या खोलीकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. दारातच थांबलो, तिथून पळता येतं.

"मॅडम, ही स्लाइड बरोबर आहे."

बाईंनी चष्मा वर केला. "कुठली?"

"गार्गीची. उपाशीवाली. पोरीचा हात चोख आहे. रंगही चोख आहे. ही गोगलगाय जेवलेली आहे."

"कशावरून म्हणता?"

"मीच वाढलं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"किती वेळा, भाऊराव?"

"सकाळ-संध्याकाळ."

"काय?"

"काकडी. कधी कोथिंबिरीच्या काड्या. सोमवारी भोपळा."

"सोमवारी भोपळा का?"

"त्या दिवशी सगळ्यांकडे गौरी जेवल्या मॅडम. आख्ख्या बिल्डिंगीत पुरणाचा वास. म्हटलं, ह्यांनाही काही गोडसर."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. रागानं, असं मला तेव्हा वाटलं.

"आणि बुधवारी? इथं आणलं त्या दिवशी तरी?"

"प्रवासाला निघताना कुणी रिकाम्या पोटी जातं का?" भाऊराव खाली मान घालून म्हणाले. "पेटी मी धुऊन आणली. भोपळ्यानंतर केशरी होतं ना सगळं, ते दिसलं असतं. तेही माझंच."

झाकण कुणी धरलं होतं, हे बाईंनी विचारलं नाही. भाऊरावांनी सांगितलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

बाईंनी गार्गीला लायब्ररीतून बोलावून घेतलं. ती आली, तिनं सगळं ऐकलं, आणि हसावं की रडावं हे न कळून खुर्चीत बसली.

"तुझी वही दे," इरावतीबाई म्हणाल्या. पानं उलटत एका जागी थांबल्या. "हे काय खोडलंयस?"

गार्गी पुटपुटली, "पहिल्या दिवशी लिहिलं होतं. 'काही तासांपूर्वी जेवल्यासारख्या दिसतात.' मग वाटलं, असं कसं असेल? म्हणून..."

"म्हणून खोडलंस. बारा स्लाइडींनी तुला खरं सांगितलं, तुला ते दिसलं, तू ते लिहिलंस, आणि चिठ्ठीवर वेगळं लिहिलंय म्हणून खोडलंस." "आणि मी हात बसवायला सांगत होते. मीसुद्धा चिठ्ठीच वाचत होते." त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "ॲप्रन कुठाय तुझा?"

"काकांच्या टेबलावर."

"घालून ये. कमिटीला मी सांगते, नमुन्यांच्या देखभालीत चूक झाली, प्रयोग पुन्हा होईल. कुणाची चूक ते विचारलं तर विभागाची."

"विभागाची नाही मॅडम, माझी," भाऊराव म्हणाले. "मी लिहून देतो." आणि त्यांनी खरंच लिहून दिलं. फुलस्केप कागदावर, वारानुसार, सकाळचं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं. एखाद्या वसतिगृहाच्या खानावळीत लावावा असा तो कबुलीजबाब झाला होता. इरावतीबाईंनी तो फाइलला लावला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या अधूनमधून तो काढून वाचतात, असा मला संशय आहे.

मुलुंडच्या सेक्रेटरींनी दुसरी बादली पहिलीपेक्षा जास्त आनंदानं दिली. पुन्हा बारा आणि बारा. या वेळी पेट्या कॉलेजातच. भाऊराव म्हणाले, "मॅडम, ह्या वेळी दुसऱ्या कुणाकडे द्या."

बाईंनी कपाटाची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. "तुमच्याकडेच राहील."

मला वाटलं, बाईंनी क्षमा केली. दोन दिवसांत कळलं की यापेक्षा कडक शिक्षा त्यांना सुचली नसती.

भाऊरावांनी दहा दिवस नेमानं पाणी शिंपडलं. पण त्या खोलीत त्यांना घास गिळवेना. दुपारी ते डबा घेऊन जिन्यात जाऊन बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाय बाजूला घेऊन वाट द्यायचे. गार्गीही तिथंच बसायला लागली. मग मीही. प्राणिशास्त्राची पंगत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे भरायची.

सहाव्या दिवशी मी आत डोकावलो तर ते पेटीशी वाकून बोलत होते, "अजून चार दिवस. ऑर्डर मॅडमची आहे, माझी नाही. माझ्यावर राग धरू नका."

आठव्या दिवशी ते माझ्या वर्गाबाहेर उभे राहिले. हातात किल्ली. "सर, आजच्या दिवस तुमच्याकडे ठेवा. एकीनं आज शिंगं बाहेर काढली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली." मी किल्ली खिशात टाकली. अर्ध्या तासानं ते परत आले. घाम आला होता. "द्या ती. मॅडमनी मला दिलीय, तुम्हाला नाही." आणि ती घेऊन सरळ जिन्यात जाऊन बसले.

दहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, दहा गोगलगायी पुरेत, दोन तशाच उपाशी राहू द्या, स्लाइडी बिघडल्या तर लागतील. पुढचे दिवस नेहमीच्या गतीनं गेले. पिवळं औषध, मेण, चाक. त्या दिवशी फीत काढताना भाऊरावांनी श्वास इतका धरला की गार्गीनं घाबरून त्यांच्या पाठीवर थाप मारली. फीत तुटली नाही.

स्लाइड तयार झाली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. गार्गीनं डोळा लावला. आम्ही तिघं तिच्यामागे उभे. मग तिनं वही ओढली आणि आधी लिहिलं, मग वाचलं, "पेशी पूर्ण भरलेल्या. फुगे ताणलेले. नळ्या रिकाम्या." आणि मग मोठ्यानं, "काका, झकास! उपाशी आहेत!"

"बघू," भाऊराव म्हणाले.

ते खूप वेळ बघत राहिले. बारीक स्क्रू पुढं-मागं करत, एकेक घोस तपासत. द्राक्षं टचटचीत भरली होती, शालूच्या रंगाची. काकडी केव्हाही समोर येईल म्हणून दहा दिवस सगळी तयारी करून बसलेली.

"केवढी लाळ साठवली होती हो," ते डोळा न काढता म्हणाले. "सगळी वाट बघत."

त्यांनी हात साबणानं धुतले, दोनदा. कपाट उघडून उरलेल्या दोन गोगलगायींची पेटी बाहेर काढली. पॅसेजमधल्या त्यांच्या पिशवीत काकडी होती. इतके दिवस रोज एक ताजी काकडी ते आणत होते आणि संध्याकाळी परत नेत होते, हे मला तेव्हा कळलं. ते सुरी घेऊन बसले. हाताला सवय तीच. पहिली चकती इतकी पातळ निघाली की तिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं असतं. दुसरीही तशीच.

इरावतीबाई पेटीचं झाकण धरून उभ्या होत्या.

"पाच मायक्रॉनची नको, भाऊराव," त्या म्हणाल्या. "जरा जाड कापा."